दुसऱ्याचं बरोबर नको

शाळेत माणूस बदलून येतो तो जूनमध्ये. दिवाळीनंतर, वर्ष अर्धं सरल्यावर कुणी आलं, तर मागं काहीतरी भानगड असते. आमच्या स्टाफरूमचा हा सिद्धांत होता आणि तो सहसा चुकत नसे. एकदा चित्रकलेचे एक सर असेच जानेवारीत आले होते, त्यांची भानगड पुढं चौकीपर्यंत गेली. त्यामुळे नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला शिंगे बाई संस्थेच्या कागलकडच्या शाखेतून ऐन नोव्हेंबरात आमच्याकडे गणित शिकवायला आल्या, तेव्हा त्यांनी मस्टरवर पहिली सही करायच्या आधीच आम्ही त्यांच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली होती.

आमची शाळा राधानगरी रस्त्याला, जिथं शहर संपून ऊस सुरू होतो तिथं. निम्मी पोरं पेठांतली, निम्मी एसटीनं खेड्यांतून येणारी. मी मराठी शिकवायचो आणि नववी ब चा वर्गशिक्षक होतो. चौगुले सर आठवीला गणित शिकवत. आवाज मोठा, मन साधं, आणि कुणाबद्दलही पहिलं मत वाईट. त्यांच्या मते बाईंनी तिकडच्या हेडमास्तरांशी उभं भांडण केलं होतं. माझा संशय जास्त खोल होता. मला वाटे, बाई संस्थेचा कान आहेत. कारण त्या विचारायच्या फार आणि सांगायच्या काहीच नाहीत.

दिसायला ठेंगण्या, सावळ्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण बघायच्या काचेच्या वरून. भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तसं त्या माणसाकडे बघत. स्टाफरूममध्ये भिंतीला पाठ लावून बसत, म्हणजे मागून कुणी येऊ नये. एकदा मंडईत दिसल्या. ढिगातली वरची वांगी बाजूला सारून त्या तळातली काढत होत्या आणि भाजीवाली वैतागली होती. मला बघून म्हणाल्या, वरची वांगी दाखवायला ठेवलेली असतात, माने सर. मला उगाचच वाटलं की हे माझ्याबद्दल आहे.

वर्गात शिरण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. त्या स्वतः आधी शिरत आणि दारात उभ्या राहत. मग पोरं एकेक करून आत सोडायची. प्रत्येकाला एक बारकंसं गणित विचारायचं, तोंडी, कानाशी. उत्तर आलं की शाबास नाही, चुकलं तर रागावणं नाही. नुसतं हातानं दाखवायचं, तू डावीकडं बस, तू उजवीकडं. उद्या परत वेगळं गणित, परत वेगळ्या बाजू. तास सुरू झाला की बाई आधी डावीकडच्या बाकांपाशी जाऊन बसत, उजवीकडच्यांना फळ्यावर काहीतरी कठीण देऊन.

यावर संशय येणारच. एका पालकानं हेडसरांकडे तक्रार केली की बाई जात बघून बसवतात. दुसऱ्यानं उलटी तक्रार केली की बाई श्रीमंतांना पुढं घेतात. आमचे हेडमास्तर सरनाईक सर मोठे सावध गृहस्थ. त्यांनी मला बोलावून सांगितलं की माने, तुमचा वर्ग आहे, जरा लक्ष ठेवा. मी ते आनंदानं ठेवलं. आठवडाभर व्हरांड्यातून बघितलं. जो पोरगा सोमवारी डावीकडं होता तो बुधवारी उजवीकडं असे. जात तर आठवड्यात बदलत नाही. तेव्हा तो संशय मला सोडून द्यावा लागला, जरा नाखुशीनंच.

जून उजाडला आणि बाईंनी नववीच्या पोरांना पाट्या आणायला सांगितल्या.

पाटी म्हणजे पाटीच, पहिलीतल्या पोराची, लाकडी चौकटीची. मिसरूड फुटलेली पोरं एसटीत पाटी लपवून आणायची, कुणी शर्टाच्या आत, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून. चौगुले सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की पुढच्या वर्षी बाई पाळणेही मागवतील. आम्ही हसलो. बाईही हसल्या, पण पाट्या आल्याच. गणित सांगायचं, पोरांनी लिहायचं, मग बाई म्हणायच्या, पाट्या वर. सगळ्या पाट्या एकदम वर. बाईंची नजर वर्गावरून एकदा फिरायची, शेतकऱ्याची पिकावरून फिरते तशी. मग म्हणायच्या, पुसा. झालं. कुठं नोंद नाही, कुठं गुण नाहीत. मग कधी त्या ठरवलेला धडा शिकवत, कधी मागच्या आठवड्याचाच परत घेत, आणि कधी तर पुस्तक मिटून सहावीतलं काहीतरी काढत. त्यांचं पाठाचं टाचण कधी वर्गाशी जुळायचं नाही. वरून तपासणीला साहेब आले की हेडसरांना घाम फुटे.

मी एकदा विचारलं की वहीत का घेत नाही. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कागद राहतो, माने सर," म्हणाल्या. "आणि राहिलेला कागद कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही."

झालं, माझी खात्री पटली. काहीतरी लपवल्याशिवाय माणूस असं बोलत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आणखी एक केलं. नववीच्या पोरांची आठवीच्या गणितावर चाचणी घेतली. चौगुले सर तापले. आठवी म्हणजे त्यांचं रान. मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर ते बाईंना म्हणाले की माझ्या शिकवण्याची तपासणी करायला तुम्हाला कुणी नेमलंय. बाई डबा खात होत्या. घास गिळून त्यांनी सांगितलं, तपासणी तुमची नाही सर, माझी आहे, कुठनं सुरू करायचं ते मला कळत नाही. चौगुले सरांना हे उत्तर समजलं नाही, आणि न समजलेलं उत्तर त्यांना नेहमी डिवचणारं वाटे. दोन महिने ते बाईंशी बोलले नाहीत.

मग ती जमिनीची गोष्ट झाली.

ऑगस्टची घटक चाचणी होती आणि नववीच्या सगळ्या तुकड्यांची गणिताची प्रश्नपत्रिका चौगुले सरांनी काढली होती. त्यात एक सोपं गणित होतं. एका शेतकऱ्याची बागायत १.३० एकर आणि जिरायत २.२५ एकर, तर एकूण जमीन किती. शहरातल्या पोरांनी बेरीज करून ३.५५ लिहिलं. पण एकाच खेड्यातल्या तीन पोरांनी उत्तर लिहिलं ४.१५. तिघांचं तेच, तिघं एकाच एसटीनं येणारे, आणि तिघं एकामागं एक बसलेले. चौगुले सरांनी पेपर तपासले, तिघांना शून्य दिलं आणि कॉपीची तक्रार हेडसरांकडे नेली. चूक सारखी म्हणजे कॉपी पक्की. बरोबर उत्तर तिघांचं सारखं येऊ शकतं, पण चूक कशी सारखी येईल. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला होता.

तिघांना ऑफिसात उभं केलं. वर्गशिक्षक म्हणून मी होतो, गणिताच्या म्हणून बाई होत्या. पोरं खाली मान घालून उभी. त्यात सदाशिव नावाचा एक, त्याला सगळे सदा म्हणत. बाईंनी चौगुले सरांना काही विचारलं नाही. सदाजवळ गेल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "उत्तर ऱ्हाऊ दे. कसं काढलंस ते सांग."

सदा म्हणाला, "एक एकर तीस गुंठं आणि दोन एकर पंचवीस. गुंठं झालं पंचावन्न. चाळीस गुंठं झालं की एक एकर हुतोय की, बाई. वर ऱ्हायलं पंधरा."

हेडसर घरचे शेतकरी. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण त्यांचे ओठ हलले आणि मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. आमच्याकडे बांधावर, सोसायटीत, सोयरिकीत जमीन एकर-गुंठ्यातच बोलतात. टिंबाच्या पुढं गुंठे असतात हे त्या पोरांनी चालायला लागल्यापासून ऐकलेलं. दशांश त्यांना वर्गात भेटला होता, पण रानात नाही.

बाईंचा चेहरा मी तेव्हा बघितला. इतका खूश चेहरा मी त्यांचा पुन्हा कधी बघितला नाही. कुणाला काही मोठं सापडावं तशा त्या सदाकडे बघत होत्या. म्हणाल्या, ही चूक कुठनं येते ते मला जन्मात कळलं नसतं. चौगुले सर मात्र कडकच राहिले. पेपरात चूक ती चूक, त्यांनी गुण दिले नाहीत. पण कॉपीची तक्रार त्यांनी मागं घेतली, आणि तीही न सांगता, नुसता कागद टेबलावरून उचलून.

दुसऱ्या दिवशी नववी ब मध्ये बाईंनी दशांश पहिल्यापासून शिकवला. पोरांना सांगितलं की गणिताच्या गावाला शंभर गुंठ्यांचा एकर आहे, आपल्या गावाला चाळिसांचा, आणि कुठल्या गावात उभं आहोत ते बघून पाय टाकायचा. पेठेतली पोरं त्या दिवशी डावीकडच्या बाकांवर बसली होती, कारण गुंठे त्यांना ठाऊक नव्हते. सदा त्यांना शिकवत होता.

त्या दिवसापासून बाईंचं एक वाक्य वर्गात रुळलं. कुणी शेजाऱ्याच्या पाटीत डोकावलं की त्या म्हणायच्या, "दुसऱ्याचं बरोबर नको मला. तुझं चूक दे." पोरं हे वाक्य मधल्या सुट्टीत एकमेकांना ऐकवायची, डबा वाटून घेतानासुद्धा.

बाई बरोबर उत्तरावर एवढा संशय का घेतात, हे मला कळेना. चुकलेल्या पोराला त्या एकदा विचारत, बरोबर आलेल्याला दोनदा. एकदा एसटीची वाट बघत रंकाळा स्टँडवर उभे होतो तेव्हा मी ते विचारलं. त्या नेहमीसारखं टाळतील असं वाटलं होतं, पण बोलल्या. चौथीत असताना गुरुजींनी फळ्यावर घातलेलं गणित वर्गात त्यांना एकटीला आलं. गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, कुणाचं बघितलंस. बाईंचं घर गावाबाहेरच्या वस्तीतलं, त्यांच्या घरानं नुकताच बौद्ध धर्म घेतलेला. त्या वस्तीतल्या पोरीला गणित येतं हे गुरुजींना पटेना. "माझ्याशेजारी कुणी बसत न्हवतं, माने सर," बाई म्हणाल्या. "मग मी बघणार कुणाचं?"

बाईंनी मात्र गुरुजींना शिव्या दिल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की गुरुजींचा प्रश्न जरा चुकला. कुणाचं बघितलंस विचारण्याऐवजी कसं काढलंस विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं, आणि गुरुजींना कळलं असतं. ते तेवढं आपण विचारावं, एवढं ठरवून त्या मास्तरीण झाल्या होत्या. एसटी आली, त्या चढल्या आणि खिडकीची जागा सोडून आतल्या बाजूला बसल्या. खिडकीतून हात घालून कुणी पर्स ओढतं म्हणे.

जानेवारीत खरा प्रसंग आला.

त्या काळी शाळेची अब्रू दहावीच्या निकालावर टांगलेली असे. निकाल चांगला लागावा म्हणून चांगलं शिकवावं हा एक मार्ग, आणि कच्ची पोरं दहावीत जाऊच द्यायची नाहीत हा दुसरा. दुसरा सोपा होता. नववीला पोरं गाळायची. त्यांना सांगायचं की सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि बाहेरून बसा. बाहेरून बसायला सांगितलेली पोरं कुठंच बसत नसत, ती कामाला लागत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. मीही बोलत नव्हतो. सगळ्याच शाळांत हेच चाललं होतं.

सरनाईक सरांनी बाईंना आणि मला बोलावलं. मोठ्या गोडीत म्हणाले की बाई, तुम्हाला तर रोजच्या रोज कळतं कोण कुठं कच्चं आहे, एवढं बारीक कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा जी पोरं दहावीला निभावणार नाहीत त्यांची नावं द्या. वार्षिकच्या आधी पालकांना बोलावून समजावता येईल. सदाचं नाव त्यांनीच घेतलं. तो गुंठेवाला तर आहेच, म्हणाले.

बाईंनी सांगितलं की नावं नाहीत. हेडसर म्हणाले, रोज चाचण्या घेता आणि नोंदी नाहीत असं कसं. बाई म्हणाल्या, पाटीवर घेते, पुसलं.

तेव्हा मला पाटी कळली.

हेडसर चिडले. त्यांचा गोडवा संपला की ते टेबलावर पेपरवेट फिरवायला लागत. तुम्ही माहिती दडवताय, म्हणाले. बाईंनी कबूल केलं की दडवतेय. मग कागलकडची गोष्ट सांगितली, जिच्यासाठी आम्ही वर्षभर तर्क लढवत होतो. तिथं त्यांनी कच्च्या पोरांची नावं, कोण कुठं अडतं त्यासकट, नीट लिहून हेडमास्तरांना दिली होती. जादा तास मिळावा म्हणून मागणी होती ती. जूनमध्ये ती पोरं वर्गात नव्हती. एक पोरगी घरी बसवली, तिचं लग्न ठरलं. एक पोरगा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला. बाईंनी संस्थेत जाऊन भांडण केलं आणि नोव्हेंबरात बदली झाली. म्हणजे भानगड होतीच, आमचा सिद्धांत खरा होता. फक्त भानगड कुणाची, एवढं आमचं चुकलं होतं.

"सर, शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो," बाई म्हणाल्या. "कच्चं लागलं तर झाकण ठेवतो, आणखी आच देतो. पातेलं उचलून उकिरड्यावर टाकत नाही. मी शितं बघते ती शिजवण्यासाठी. तुम्हाला टाकण्यासाठी पाहिजेत, ती माझ्याकडनं मिळणार नाहीत."

हेडसरांनी विचारलं की वार्षिकला काय करणार, तेव्हाही पाटी आणणार काय. बाई म्हणाल्या, नाही, वार्षिकचा पेपर सगळ्यांचा, त्यात जे येईल ते येईल, नापास असेल तर मी स्वतः नापास करीन. पण तोवर त्या पोरांना माझ्याकडनं काढू नका. हेडसरांनी पेपरवेट थांबवला. ठीक आहे म्हणाले, पण आवाजात असं काही होतं की मी बाहेर आल्यावर बाईंना जपून राहायला सांगितलं. त्या म्हणाल्या, जपूनच असते मी, तुम्हीच इतकी वर्षं बेसावध होता.

पुढचे दोन महिने बाई शाळा भरायच्या आधी येत. सदा आणि आणखी काही पोरं पहिल्या एसटीनं येत. पाट्या वर, पुसा, परत. सदाचे वडील एकदा शाळेत येऊन गेले. त्यांनी ठरवलंच होतं, पोरगा नापास झाला तर त्याला ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर चिकटवायचा. ते मोठ्यानं बोलत होते आणि सदा लांब पिंपळाखाली उभा राहून ऐकत नसल्यासारखं करत होता.

वार्षिकचे पेपर बाईंनी तपासले, आणि सदा गणितात नापास झाला. थोडक्यात, पण नापास.

स्टाफरूममध्ये कुणाचा विश्वास बसेना. सगळ्यांना वाटलं होतं, बाई आपल्या पोरांना ढकलून देतील. हेडसरांनाही तसंच वाटलं होतं, म्हणून त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की बाईंच्या त्या पोरांचे पेपर चौगुले सरांकडून फेरतपासणी करून घ्यायचे. वाढवलेले गुण पकडायला तो सापळा होता. चौगुले सर लाल पेन घेऊन बसले. संध्याकाळी ते गठ्ठा घेऊन ऑफिसात आले आणि त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले की ह्यात एकही गुण वाढवलेला नाही, उलट बाईंनी चिकटपणा केलाय. सदाच्या पेपरात क्षेत्रफळाचं एक गणित होतं. त्यानं ते आधी गुंठ्यात नेऊन, मग परत दशांशात आणून सोडवलं होतं, द्राविडी प्राणायाम करत. शेवटची ओळ लिहायच्या आत घंटा झाली असावी. बाईंनी शून्य दिलं होतं. चौगुले सर म्हणाले, "रीत बिनचूक हाय. रितीचं गुण देतोच आपण. मी दिलं. पोरगा पास हाय."

ऑगस्टमध्ये सदाला कॉपीचा म्हणून उभा करणारे हेच चौगुले सर. हेडसर त्यांच्याकडे असे बघत राहिले की जणू सापळ्यात भलताच प्राणी सापडला. पण फेरतपासणीचा हुकूम त्यांचाच होता, आता नाही कसं म्हणणार.

बाईंना मी धावत जाऊन सांगितलं. मला वाटलं, आनंदतील. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सदाला बोलवायला सांगितलं. तेच गणित, वेगळे आकडे, पाटीवर. सदा घामाघूम झाला. लिहिलं, खोडलं, लिहिलं. बाईंनी विचारलं, कसं काढलंस. त्यानं पहिल्या पायरीपासून सांगितलं, चाळिसाच्या गावातून शंभराच्या गावात कसा गेला ते. बाईंनी पाटी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि पुसली. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जा, म्हणाल्या, दहावीत जा.

तो गेल्यावर मी विचारलं की रीत दिसत असून तुम्ही शून्य कसं दिलं. त्या म्हणाल्या की माझा जीव आहे त्या पोरावर. हात ढिला पडंल अशी भीती वाटली, म्हणून फार आवळला. एवढं बोलून त्यांनी पदरानं चष्मा पुसला. बाईंचा स्वतःवरही संशय असतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्या फार आवडल्या. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कशावरून.

बाई दोन हजार सालानंतर काही वर्षांनी निवृत्त झाल्या. सदा दहावी झाला, पुढं आयटीआय करून राधानगरीकडेच मोटारी दुरुस्त करतो. नववीत पोरं गाळणं आमच्या शाळेत एकदम थांबलं असं नाही, पण गणितात गाळायला बाईंची सही मिळत नसे, आणि हळूहळू हेडसरांनी त्यांच्या वर्गाचा नाद सोडला. चौगुले सरांनी निवृत्तीच्या वर्षी आठवीला पाट्या आणायला लावल्या. का, असं विचारलेलं त्यांना खपत नसे.

माझ्या नोकरीच्या अखेरीस आम्हाला एका प्रशिक्षणाला बसवलं. तिथले साहेब सांगत होते की मूल्यमापन नुसतं वर्षाअखेरीचं नको, शिकवता शिकवता करा, पोराला काय येत नाही ते बघून शिकवणं बदला. शब्द मोठमोठे होते, पण मला त्यात पाटीच दिसत होती. घरी येऊन बाईंना फोन केला. म्हटलं, तुमचं म्हणणं आता सरकार म्हणायला लागलंय. बाईंनी जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, तक्ते भरायला लावणार काय. मी म्हटलं, लावणार, पुष्कळ. "मग ते माझं म्हणणं न्हवं," त्या म्हणाल्या आणि कशाला तरी उठायचंय म्हणून फोन ठेवला. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. मघाशी तुम्ही फोन केला होता का, असं विचारत होत्या. मला वाटलं, चेष्टा करतायत.

चेष्टा नव्हती. त्यांचा मुलगा मिलिंद कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. त्याचा एकदा सकाळीच फोन आला. आईला डॉक्टरांकडे दाखवायचंय, वेळ मिळालीय, पण माझी पहिली पाळी आहे, तुम्ही न्याल का सर. आई हल्ली गॅस चालू ठेवते, म्हणाला, कधी शेजारच्या दारात जाऊन आपली किल्ली लावत बसते. विचारलं तर म्हणते, तुम्ही लोक माझ्यावर उगाच संशय घेता.

मी रिक्षा घेऊन गेलो. बाई तयार होऊन बसल्या होत्या, इस्त्रीचं लुगडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला ओळखलं. रिक्षात बसताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की आज मंगळवार, दवाखान्यात गर्दी नसणार. त्यांनी मान हलवली आणि रिक्षावाल्यानं मीटर टाकलाय का ते बघत राहिल्या.

डॉक्टर तरुण होता, गोड बोलणारा. बाईंना मावशी म्हणाला. मग समोर एक कागद घेऊन विचारायला लागला. नाव काय, राहता कुठं, आता सकाळ आहे का दुपार. हे सगळं कसलं चाललंय ते बाईंना माझ्याआधी कळलं. त्या ताठ बसल्या. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलं माणूस, त्यांना ही चाचणी ओळखायला किती वेळ लागणार. मला मनातून वाटत होतं की त्यांना सगळं यावं. सदाच्या वेळीही इतकं वाटलं नव्हतं.

"आज वार कुठला, मावशी?"

"मंगळवार," बाई लगेच म्हणाल्या.

डॉक्टर हसला, छान म्हणाला आणि कागदावर बरोबरची खूण केली. माझा जीव भांड्यात पडला. तो पुढचा प्रश्न विचारणार एवढ्यात बाईंनी हात वर केला.

"थांबा डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ते बरोबर माझं न्हवं. ह्या सरांनी मघाशी रिक्षात सांगितलं. मला ठाऊक न्हवतं. पुसा ते आणि परत इचारा."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यानं खूण खोडली, आणि जरा थांबून विचारलं की मावशी, बरं, मग महिना कुठला चाललाय.

बाई विचार करत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, कुठल्या पायरीवर अडलंय ते शोधत असल्यासारखे. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्म्यावरून, आणि मी पटकन मान फिरवून खिडकीकडे बघितलं, माझ्या तोंडावरून त्यांना काही वाचता येऊ नये म्हणून.

"न्हाई येत," त्या म्हणाल्या. मग पुढं वाकून त्यांनी डॉक्टरच्या कागदावर बोट ठेवलं.

"आता लिहा."